कॉड माशासाठी नाटोला वेठीस धरणारा देश

५ सप्टेंबर १९७२ रोजी आइसलँडच्या उत्तरेकडील समुद्रात तटरक्षक दलाच्या ‘एगिर’ या बोटीला एक अनोळखी ट्रॉलर मासेमारी करताना दिसला. त्याने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून टाकला होता. ‘एगिर’च्या कप्तानाने रेडिओवरून ओळख विचारली, तेव्हा उत्तरादाखल ‘रूल, ब्रिटानिया’ या गाण्याची तबकडी ऐकू आली. ट्रॉलर कुठल्या देशाचा, हे सांगायची गरज उरली नाही. जाळे गुंडाळून निघून जा, हा आदेश त्याने धुडकावला. मग ‘एगिर’ने त्याच्या पिछाडीला आडवे जात एक लोखंडी अवजार पाण्यातून ओढत नेले. ट्रॉलरच्या जाळ्याला धरून ठेवणारे पोलादी दोर तुटले आणि जाळे मासळीसकट तळाला गेले. ट्रॉलरवरच्या खलाशांनी शिव्यांबरोबर कोळसे, कचरा आणि आग विझवताना वापरायची एक कुऱ्हाडही ‘एगिर’वर फेकली. कोणाला इजा झाली नाही.

तटरक्षक दलाचे प्रमुख पेतुर सिगुर्दसन यांच्या कल्पनेतून तयार झालेले हे अवजार दिसायला विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखे होते: चार अणकुचीदार फाटे आणि त्यांच्या बेचक्यात धारदार पाती. या साध्या वस्तूकडे थोडे थांबून पाहायला हवे, कारण पुढच्या चार वर्षांतला आइसलँडचा सगळा डाव तिच्यात सामावलेला आहे. ट्रॉलरवर तोफ डागली आणि माणूस मेला, तर ब्रिटनला युद्धनौका पाठवायला सबळ कारण मिळते. नुसते इशारे दिले, तर ट्रॉलर हलत नाही. जाळे तोडले तर मात्र कोणी मरत नाही आणि मालकाचे काही हजार पौंड समुद्रात जातात. वर जाळ्याविना तो ट्रॉलर बंदरात परतेपर्यंत कुचकामी ठरतो. लहान देशाला आपल्या ताकदीच्या मापाचे हत्यार हवे असते. ते आइसलँडने स्वतः घडवले.

त्या वेळी आइसलँडची लोकसंख्या होती सुमारे दोन लाख दहा हजार. ब्रिटनची साडेपाच कोटींच्या वर. ब्रिटनकडे अण्वस्त्रे होती, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार होता, जगातल्या मोठ्या आरमारांपैकी एक होते. आइसलँडकडे सैन्यच नव्हते, आजही नाही. होते ते तटरक्षक दल आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या गस्तीच्या बोटी. ‘थोर’, ‘ओदिन’ आणि पुढे आलेली ‘टीर’ अशी जुन्या नॉर्स देवांची नावे त्यांना दिलेली होती, पण प्रत्येकीवर तोफ जेमतेम एखाददुसरी आणि तीही जुनाट.

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना लहान देशांचा विषय निघाला की बहुतेक प्राध्यापक इसवी सनापूर्वी ४१६ सालच्या मेलॉस बेटाकडे वळतात. अथेन्सचे आरमार बेटाला वेढा घालून बसले आहे, अथेन्सचे दूत शरण यायला सांगत आहेत आणि मेलॉसचे लोक न्यायाची भाषा बोलत आहेत. थ्युसिडिडिसने लिहिलेल्या या संवादात दूतांचे म्हणणे असे की न्यायाचा प्रश्न बरोबरीच्या माणसांत येतो. एरवी बलवान करू शकतो ते करतो आणि दुबळ्याला सोसावे लागते. मेलॉसने शरणागती नाकारली. बेट पडले, पुरुषांची कत्तल झाली, बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. वास्तववादी म्हणवणाऱ्या विचारपंथाची सगळी शाळा या प्रसंगावर उभी आहे. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ साली या विचाराला काटेकोर सैद्धांतिक रूप दिले, त्यातही जगाची रचना ठरवणारे देश म्हणजे मोजक्या महासत्ता. बाकीच्यांनी त्या चौकटीत जागा शोधायची.

या हिशेबाने आइसलँड प्रत्येक वेळी हरायला हवा होता. प्रत्यक्षात १९५२ ते १९७६ या काळात मासेमारीच्या हद्दीवरून ब्रिटनशी त्याचे चार मोठे झगडे झाले आणि चारही वेळा ब्रिटनला माघार घ्यावी लागली. मेलॉसला जे जमले नाही ते आइसलँडला का जमले, हा प्रश्न माझ्या मते लहान देशांच्या परराष्ट्र धोरणाचा गाभा आहे. ‘धाडस’ या एका शब्दाने त्याचे उत्तर देता येत नाही. मेलॉसकडेही धाडस होते.

आइसलँडच्या किनाऱ्याभोवतीची तीन सागरी मैलांची हद्द १९०१ साली डेन्मार्कने ब्रिटनशी करार करून ठरवली होती. तेव्हा आइसलँड डेन्मार्कच्या ताब्यात होता, त्यामुळे ज्यांचे मासे त्यांना कोणी विचारले नव्हते. १९४४ साली प्रजासत्ताक झालेल्या या देशाकडे निर्यात करण्यासारखी वस्तू जवळजवळ एकच होती. धान्य, इमारती लाकूड, तेल, कॉफी, यंत्रे यांतले जे काही बाहेरून आणायचे ते मासळी विकून. आणि या मासळीचा मोठा वाटा हल, ग्रिम्सबी, फ्लीटवुड या बंदरांतून आलेले ब्रिटिश ट्रॉलर डोळ्यांदेखत उचलून नेत.

१९५२ साली आइसलँडने हद्द चार मैलांवर नेली आणि खाडींची मुखे सरळ रेषेने बंद केली. ब्रिटिश ट्रॉलरमालकांनी आइसलँडची मासळी आपल्या बंदरांत उतरवू द्यायला नकार दिला. ब्रिटन हे आइसलँडचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. दाणापाणी तोडल्यावर आइसलँड नमेल, अशी अटकळ होती. पण शीतयुद्ध ऐन भरात होते. १९५३ मध्ये सोव्हिएत संघाने आइसलँडची मासळी विकत घ्यायला सुरुवात केली आणि नाटोचा एक संस्थापक सदस्य मॉस्कोच्या बाजारावर विसंबू लागलेला पाहून वॉशिंग्टनला घाम फुटला. अमेरिकेची बाजारपेठही आइसलँडच्या गोठवलेल्या मासळीला मोकळी होत गेली. १९५६ मध्ये ब्रिटनने बंदी उठवली, चार मैल पदरात पडले आणि आइसलँडच्या राज्यकर्त्यांना एक गोष्ट कळून चुकली: आपल्याकडे काय आहे यापेक्षा आपण हातचे गेलो तर कोणाचे काय बिघडते, याचा हिशेब अधिक उपयोगाचा.

१ सप्टेंबर १९५८ पासून हद्द बारा मैलांची झाली. या वेळी ब्रिटनने युद्धनौका पाठवल्या. दुसऱ्याच दिवशी आइसलँडच्या तटरक्षकांनी ‘नॉर्दर्न फोम’ नावाच्या ट्रॉलरवर चढून त्याचा ताबा घेतला, तर ‘ईस्टबोर्न’ या फ्रिगेटने त्या तटरक्षकांनाच ताब्यात घेतले. अकरा दिवस त्यांना जहाजावर ठेवले आणि एका रात्री केफ्लाविकजवळ छोट्या होडीत बसवून किनाऱ्याकडे वल्हवत जायला सांगितले. ते रेकयाविकला पोचले ते वीर म्हणून. ब्रिटिश ट्रॉलर मात्र युद्धनौकांच्या पहाऱ्यात, ठरवून दिलेल्या चौकोनांत दाटीवाटीने जाळी ओढत राहिले. मासे काही त्या चौकोनांत येऊन थांबत नाहीत. आरमाराला ट्रॉलरचे रक्षण करता येत होते, मासेमारी फायद्याची करून देता येत नव्हती. मार्च १९६१ मध्ये ब्रिटनने बारा मैल मान्य केले. बदल्यात आइसलँडने लिहून दिले की हद्द पुन्हा वाढवायची झाल्यास सहा महिने आधी कळवू आणि वाद झालाच तर तो हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाईल. हे कलम पुढे त्याच्या गळ्याशी आले.

आता केफ्लाविकच्या तळाबद्दल. ग्रीनलंड, आइसलँड आणि ब्रिटन यांच्यामध्ये समुद्राच्या दोन खिंडी आहेत. मुर्मान्स्ककडून निघालेल्या सोव्हिएत पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरायचे तर त्यांतूनच जावे लागे. या खिंडींवर पहारा ठेवायला आइसलँडइतकी मोक्याची जागा दुसरी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १० मे १९४० रोजी, ब्रिटिश फौजा इथे न विचारता उतरल्या त्याही या स्थानासाठीच. १९४९ मध्ये आइसलँड नाटोत गेला, तेव्हा संसदेबाहेरच्या चौकात दगडफेक आणि अश्रुधूर झाला होता. १९५१ च्या करारानुसार केफ्लाविकला अमेरिकी तळ आला, आणि तो असावा की जावा हा त्या देशाच्या राजकारणातला धगधगता प्रश्न होऊन बसला. डाव्यांना तळ नको होता. उजव्यांना तो हवा होता, पण हद्दीच्या प्रश्नावर ब्रिटनपुढे नमणे त्यांनाही परवडणारे नव्हते.

पेच इथेच आहे. तळ काढायला लावू, ही धमकी एखाद्या धूर्त मुत्सद्द्याने दिली असती तर ती पोकळ ठरली असती. १९७१ साली सत्तेवर आलेल्या ओलाफुर योहान्नेसन यांच्या आघाडी सरकारच्या कार्यक्रमातच हद्द पन्नास मैल करणे आणि अमेरिकी तळाबाबत फेरविचार करून तो हटवणे ही दोन्ही कलमे होती. पंतप्रधानाला स्वतः तळ ठेवायचा असला, तरी ब्रिटनने आणखी ताणले तर रस्त्यावरचे लोक आणि सरकारातले डावे सहकारी त्याला तो ठेवू देणार नाहीत, हे ब्रुसेल्सच्या नाटो मुख्यालयातल्या प्रत्येकाला दिसत होते. थॉमस शेलिंग यांनी १९६० सालीच लिहून ठेवले होते की वाटाघाटीत घरचे हात बांधलेले असणे ही ताकद ठरू शकते. समोरचा कितीही बलवान असला तरी, जो वाकूच शकत नाही त्याला वाकवण्याचा खटाटोप तो किती काळ करणार? लोकशाही असलेल्या लहान देशाला हे भांडवल आपसूक मिळते. हुकूमशहाला ते मिळत नाही, कारण तो मनात आणील तर उद्या वाकू शकतो, हे सगळ्यांना ठाऊक असते.

पन्नास मैलांची हद्द १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाली आणि जाळी तुटू लागली. मे १९७३ मध्ये ब्रिटिश युद्धनौका त्या पन्नास मैलांच्या आत शिरल्या. रेकयाविकमध्ये ब्रिटिश वकिलातीच्या खिडक्या दगडांनी फुटल्या. २६ मे रोजी ‘एगिर’ने ‘एव्हर्टन’ या ट्रॉलरवर तोफगोळे डागले. त्याला भोके पडली, पण तो तरंगत राहिला. ऑगस्टमध्ये ‘एगिर’ची एका फ्रिगेटशी टक्कर झाली. फुटलेल्या जागी वेल्डिंग करत असलेल्या आइसलँडच्या अभियंत्याला, आत आलेल्या पाण्यामुळे विजेचा धक्का बसला आणि तो मरण पावला. या झगड्यांना ‘कॉड युद्धे’ असे गमतीशीर नाव पडले आहे, म्हणून त्या माणसाची आठवण ठेवणे मला जरुरीचे वाटते.

याच धुमश्चक्रीत, मे महिन्याच्या शेवटी, रिचर्ड निक्सन आणि फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांची शिखर भेट झाली, तीही रेकयाविकमध्येच. पाहुण्यांच्या कार्यक्रमात कॉड नव्हता, पण यजमानांनी तो आणला. दोन लाख लोकांचे सरकार अमेरिकेच्या अध्यक्षाला शांतपणे बजावत होते की नाटोने ब्रिटनला आवरावे, नाहीतर नाटोचे इथले काम कठीण होईल. निक्सनबरोबर आलेल्या हेन्री किसिंजर यांना या प्रकाराचा किती अचंबा वाटला, ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे. नाटोचे सरचिटणीस योसेफ लुन्स यांनी मध्यस्थी केली. सप्टेंबरमध्ये आइसलँडने राजनैतिक संबंध तोडण्याची मुदत दिली. ब्रिटिश पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी युद्धनौका मागे घेतल्या आणि नोव्हेंबरात दोन वर्षांचा करार झाला: ब्रिटिश ट्रॉलरनी ठरलेल्या भागांत वर्षाला सुमारे १ लाख ३० हजार टन मासळी धरावी, त्यापुढे नाही.

कायद्याचे काय? लहान देशांवर लिहिणारे बहुतेक लेखक सांगतात की आंतरराष्ट्रीय कायदा ही दुबळ्यांची ढाल आहे. इथे ती ढाल ब्रिटनच्या हातात होती. १९६१ च्या त्या कलमाचा आधार घेऊन ब्रिटन हेगला गेला. आइसलँड न्यायालयात हजरच राहिला नाही. २५ जुलै १९७४ रोजी न्यायालयाने दहा विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की आइसलँडला एकतर्फी पन्नास मैल लादून ब्रिटिश ट्रॉलरना हाकलता येणार नाही; दोघांनी वाटाघाटी कराव्यात. भारताचे न्यायमूर्ती नगेंद्र सिंग बहुमताच्या बाजूला होते. आइसलँडने निकाल मानला नाही. ही गोष्ट त्याच्या चाहत्यांना अडचणीची वाटते आणि ते ती भरभर ओलांडून जातात. तसे करू नये. शब्द देऊन तो पाळला नाही, एवढे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण कायदाही त्या वेळी स्थिर नव्हता. अमेरिकेने १९४५ मध्येच आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावर हक्क सांगितला होता. १९४७ मध्ये चिली आणि पेरू यांनी दोनशे मैलांचा दावा केला. १९७२ मध्ये केनियाने संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे विशेष आर्थिक क्षेत्राची कल्पना मांडली: समुद्र सर्वांच्या जहाजांना खुला राहील, पण दोनशे मैलांपर्यंतच्या माशांवर आणि खनिजांवर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क. १९७४ च्या उन्हाळ्यात काराकासला सागरी कायद्याची जागतिक परिषद भरली, तेव्हा आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांचा कल तिकडेच होता. आइसलँडचे हान्स अँडरसन हे या विषयातले मुरलेले कायदेतज्ज्ञ या सभांमध्ये वर्षानुवर्षे बसत आले होते. युरोपातला, गोऱ्या लोकांचा, नाटोतला हा देश समुद्राच्या प्रश्नावर नवस्वतंत्र देशांच्या पंक्तीत बसला होता. वारा कुठून सुटणार आहे, ते त्याला हेगच्या न्यायाधीशांआधी कळले होते.

चौथा आणि सर्वांत कडवा सामना १९७५ मध्ये पेटला. आइसलँडच्या सागरी संशोधन संस्थेने त्या शरद ऋतूत अहवाल दिला की कॉडची संख्या धोकादायक रीतीने घटते आहे. १५ ऑक्टोबरपासून हद्द थेट दोनशे मैल झाली. नोव्हेंबरात ब्रिटनबरोबरचा करार संपला आणि युद्धनौका परतल्या. फ्रिगेट हे पाणबुड्यांच्या मागावर धावणारे वेगवान, पातळ पत्र्याचे जहाज. बर्फाळ पाण्यासाठी बांधलेल्या बुटक्या, दणकट गस्ती बोटीशी अंगाला अंग घासायला ते केलेले नाही. टकरींमध्ये दोन्हीकडची जहाजे फुटत होती, पण ब्रिटिश आरमाराच्या महागड्या नौका एकेक करून दुरुस्तीच्या गोदीत जात होत्या, आणि त्या होत्या सोव्हिएत पाणबुड्यांसाठी राखलेल्या. ६ मे १९७६ रोजी ‘फाल्मथ’ या फ्रिगेटने ‘टीर’ला अशी धडक दिली की ती बोट जवळजवळ उलटलीच होती. अशा स्थितीतही तिच्या कप्तानाने आधी एका ट्रॉलरचे जाळे तोडले, असे सांगतात.

त्याआधी, १९ फेब्रुवारी १९७६ रोजी, आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. नाटोच्या एका सदस्याने दुसऱ्या सदस्याशी असे करण्याची ही पहिलीच वेळ. आता पंतप्रधान होते गेयर हाल्ग्रिम्सन, नाटोचे पक्के समर्थक असलेल्या पक्षाचे नेते. त्यांच्यासारख्यालाही तळाचा विषय काढावा लागतो आहे, हे पाहून वॉशिंग्टन, ऑस्लो आणि ब्रुसेल्स यांनी लंडनवर दडपण आणले. जूनच्या सुरुवातीला ऑस्लोत करार झाला: एका वेळी सरासरी चोवीस ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहा महिने. त्यानंतर एकही नाही. आणि १ जानेवारी १९७७ पासून स्वतः ब्रिटनने आपल्या किनाऱ्याभोवती दोनशे मैलांची मासेमारी हद्द जाहीर केली.

या विजयाची किंमत कोणी मोजली, तेही पाहायला हवे. लंडनच्या मंत्र्यांनी नाही. हल आणि फ्लीटवुडच्या गोदीलगतच्या गल्ल्यांमधल्या माणसांनी मोजली. पिढ्यानुपिढ्या त्यांच्या घरचे पुरुष आइसलँडच्या थंडगार समुद्रात जात आले होते आणि त्यांतले बरेच परत आले नव्हते. काही वर्षांत दूरच्या पाण्यात जाणारा तो ताफा भंगारात गेला. खलाशांची नेमणूक प्रत्येक सफरीपुरती असे, म्हणून त्यांना हंगामी मजूर ठरवून नोकरी गेल्याची भरपाईही दशकानुदशके नाकारली गेली. लहान देश जिंकला म्हणजे मोठ्या देशातला मोठा माणूस हरतो, असे होत नाही.

१९७५ मध्येच अँड्र्यू मॅक यांनी एक निबंध लिहिला होता: मोठी राष्ट्रे लहान युद्धे का हरतात? त्यांच्या डोळ्यांपुढे व्हिएतनाम होता, पण उत्तर इथेही बसते. एका बाजूला जगण्याचा प्रश्न असतो, दुसऱ्या बाजूला तो अनेक प्रश्नांपैकी एक. ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या टेबलावर महागाई, संप आणि उत्तर आयर्लंड होते. रेकयाविकमध्ये टेबलावर फक्त कॉड होता. रॉबर्ट केओहेन आणि जोसेफ नाय यांनी १९७७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात समुद्राचा प्रश्न एक नमुना म्हणून घेतला आणि दाखवले की एकमेकांत गुंतलेल्या जगात ताकद ही एकच नाणे असल्यासारखी सगळीकडे चालत नाही. तोफा जास्त असल्या म्हणून मासेमारीच्या वाटाघाटीत आपोआप वरचष्मा मिळत नाही.

हे सगळे खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. कारण याच वर्षांत, याच ब्रिटनने, याच अमेरिकेच्या तळासाठी दुसऱ्या एका बेटसमूहात काय केले, ते त्यात येत नाही. १९६५ मध्ये मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी ब्रिटनने चागोस बेटे त्याच्यापासून तोडून घेतली. दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या दीड-दोन हजार माणसांना घरेदारे सोडायला लावून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यांचे पाळीव कुत्रेही मारून टाकले. आइसलँड आणि दिएगो गार्सिया या दोन्ही जागा महासत्तेला तेवढ्याच हव्या होत्या. पहिल्या जागेला त्या गरजेने ताकद दिली, दुसऱ्या जागेच्या माणसांना त्या गरजेने उखडून टाकले. फरक एवढाच की रेकयाविकमध्ये संसद होती, निवडणूक होती, परराष्ट्रमंत्री होता, नाटोच्या टेबलाशी खुर्ची होती. कोणीतरी ‘नाही’ म्हणू शकत होते आणि ते ‘नाही’ कायद्याने मोजले जात होते. चागोसच्या लोकांना राज्यच नव्हते. हेगच्या न्यायालयाने त्या बेटांची तोडणी बेकायदा असल्याचे मत दिले ते २०१९ मध्ये. लहान देशांना सार्वभौमत्व हे कागदी शोभेचे फूल आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन बेटे शेजारी ठेवून पाहावीत.

आइसलँडने लावलेल्या रेट्याचा लाभ इतरांनाही झाला. त्याच १९७६ साली भारताने सागरी क्षेत्रांविषयीचा कायदा करून दोनशे सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरचे, विशेष आर्थिक क्षेत्र आपले मानले. मुंबई हायचे तेल आणि कोकणच्या दर्यातली खोल पाण्यातली मासळी या रेषेच्या आत येते. १९८२ च्या सागरी कायदा करारात हीच रेषा जगाची झाली.

पण समुद्र आपला झाला म्हणून मासे वाचतातच असे नाही. ब्रिटिश ट्रॉलर गेल्यावर आइसलँडने स्वतःच नवे ट्रॉलर बांधले आणि कॉड पुन्हा घटला. १९८४ पासून प्रत्येक बोटीला वाटा ठरवून देण्याची पद्धत आली. त्यातून मासे सावरले, पण वाटे मोजक्या कंपन्यांकडे गोळा झाले आणि किनाऱ्यावरची काही गावे ओस पडली. तो वाद तिथे अजून पेटता आहे.

२००६ च्या सप्टेंबरात अमेरिकेने केफ्लाविकचा तळ बंद केला. सोव्हिएत पाणबुड्या राहिल्या नव्हत्या. दोनच वर्षांनी आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्याआधीच, २००८ च्या सप्टेंबरात, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनला डॉलर पुरवण्याचे करार केले, आइसलँडला वगळले. ८ ऑक्टोबर २००८ रोजी ब्रिटनने, ज्या कायद्यात दहशतवादविरोधी तरतुदी आहेत तोच वापरून, लांड्सबांकी या आइसलँडच्या बँकेची मालमत्ता गोठवली. रेकयाविकने रशियाकडे कर्जाची चौकशी केली, पण या वेळी वॉशिंग्टनला घाम फुटला नाही. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावा लागला. आइसलँड विद्यापीठातले बाल्दुर थोरहाल्सन यांनी याच अनुभवातून मांडले की लहान देशाला कोणाचा तरी आसरा लागतोच, आर्थिक, राजकीय आणि सामाजिकही, आणि आसऱ्याची किंमत असते. ते म्हणतात त्यात तथ्य आहे. माझी पुस्ती एवढीच की आसरा देणाऱ्याला आपली गरज असते तोवरच घासाघीस करता येते, आणि ती गरज केव्हा संपेल हे लहान देशाच्या हातात नसते. १९७६ चा विजय कायमचा हक्क आहे असे समजून २००८ पर्यंत चाललेल्यांना ते फार उशिरा उमगले.

तरी देश बुडाला नाही. लांड्सबांकीतले ब्रिटिश आणि डच ठेवीदारांचे पैसे सरकारी तिजोरीतून फेडण्याचे करार जनतेने २०१० आणि २०११ मध्ये सार्वमताने दोनदा फेटाळले. प्रकरण युरोपीय मुक्त व्यापार संघाच्या न्यायालयात गेले, आणि या वेळी आइसलँड हजर राहिला. २८ जानेवारी २०१३ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. संकटाच्या भरात, २००९ मध्ये, त्याने युरोपीय संघाच्या सदस्यत्वासाठी अर्जही केला होता. वाटाघाटींची अनेक प्रकरणे उघडली, काही मिटलीही; मासेमारीचे प्रकरण मात्र दोन्ही बाजूंनी टाळत नेले आणि २०१५ मध्ये आइसलँडने आपल्याला उमेदवार समजू नये असे कळवले, तोवर ते उघडलेच गेले नव्हते.